गॅल्व्हेस्टन: वाळू ओतून उंच केलेल्या शहरात तीन दिवसांची सुट्टी

ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी घरांत टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन बेटाचं नाव निघालं की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. ‘पाणी गढूळ आहे’, ‘एक दिवस पुरे’, ‘आई-बाबा आले की नासा दाखवून तिकडे एक चक्कर मारून आणू’. गढूळ पाण्याची गोष्ट खरी आहे, बाकीची पटत नाही. हे बेट केवळ किनारा म्हणून पाहिलं तर निराशा होणारच, कारण मेक्सिकोच्या आखातात याहून निळे किनारे भरपूर आहेत. पण अख्खं शहर जॅकवर उचलून, खाली वाळू ओतून समुद्रापेक्षा उंच करणारं असं दुसरं गाव अमेरिकेत शोधून सापडायचं नाही. म्हणून इथली सुट्टी आखताना शहराला मधला वेळ द्यावा आणि समुद्राला सकाळ-संध्याकाळ. दोन रात्री आणि तीन दिवस हे माझ्या मते योग्य माप आहे. पुढचं सगळं त्या हिशेबानेच लिहिलं आहे.

कधी जावं

ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर हा सर्वांत चांगला काळ. उकाडा उतरलेला असतो आणि सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात अजून ऊब असते. त्याखालोखाल मार्चअखेर ते मेचा मध्य. मार्चच्या मधल्या आठवड्यांत शाळा-कॉलेजांची स्प्रिंग ब्रेक असते, तेव्हा हॉटेलांचे दर चढतात आणि सीवॉलवर, म्हणजे समुद्राकाठच्या संरक्षक भिंतीवरच्या रस्त्यावर, गाडी लावायला जागा मिळत नाही. एप्रिलमध्ये मात्र अवश्य जा. आखात ओलांडून उत्तरेकडे निघालेले लहान पक्षी थकून याच बेटावर उतरतात. उत्तरेचा वारा आणि पाऊस एकत्र आला की लफीट्स कोव्ह या पक्ष्यांसाठी राखलेल्या जागेतल्या झाडांवर रंगीबेरंगी वॉर्बलर अक्षरशः हाताच्या अंतरावर दिसतात.

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी तीस अंशांच्या आसपास असतं आणि हवा चिकट. मुलांच्या सुट्ट्यांमुळे बहुतेकांना तेव्हाच जावं लागतं. अशा वेळी सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बाहेर, मधला वेळ वातानुकूलित जुन्या घरांत आणि संग्रहालयांत, हा नियम पाळा.

चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या काळातलं आरक्षण रद्द करता येण्याजोगंच घ्या आणि निघण्याआधी आठवडाभर नॅशनल हरिकेन सेंटरचा नकाशा रोज बघा. बेट रिकामं करायचा आदेश निघाला तर ‘बघू या, थांबू या’ करू नका. बाहेर पडायचे रस्ते मोजके आहेत आणि सगळ्यांना त्यावरूनच जायचं असतं.

गर्दीच्या आणखी तीन तारखा लक्षात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमधला मार्डी ग्राचा उत्सव, नोव्हेंबरच्या सुरुवातीची लोन स्टार रॅली आणि डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी स्ट्रँड या बंदराजवळच्या जुन्या रस्त्यावर भरणारा व्हिक्टोरियन वेशभूषेचा उत्सव. रॅलीत मोटारसायकलींचा आवाज रात्रीपर्यंत चालतो, लहान बाळ किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर ते दिवस टाळा. डिसेंबरचा उत्सव मात्र मुद्दाम गाठावा असा.

कुठे उतरावं

इथे तीन पर्याय आहेत आणि कोणता निवडता यावर सगळी सहल ठरते.

पहिला, स्ट्रँडच्या जुन्या पेठेत. रात्री पायी फिरायचं असेल, शहर हेच मुख्य आकर्षण असेल, तर इथेच राहा. ट्रेमाँट हाउस हे हॉटेल १८७९च्या एका व्यापारी इमारतीत आहे. समुद्र इथून पायी लांब पडतो.

दुसरा, सीवॉलवर. खिडकीतून समुद्र दिसतो, लिफ्ट असते आणि रस्ता ओलांडला की वाळू. १९११ साली उघडलेलं गॅल्व्हेझ हॉटेल याच रस्त्यावर आहे. १९००च्या भीषण वादळानंतर ‘शहर संपलेलं नाही’ हे जगाला दाखवण्यासाठी गावाने ते उभारलं होतं. तिथे राहणार नसलात तरी आत जाऊन लॉबी बघून या.

तिसरा, वेस्ट एंडची, म्हणजे बेटाच्या पश्चिम भागातली, भाड्याची घरं. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असतील तर हाच स्वस्त आणि मोकळा पर्याय. स्वयंपाकघर मिळतं, पोरांना आरडाओरडा करता येतो. पण एक गोष्ट आरक्षणाआधी विचाराच: ही घरं खांबांवर उभी असतात आणि वर जायला पूर्ण मजल्याएवढा जिना असतो. भारतातून आलेल्या आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर दिवसातून चार वेळा तो जिना त्यांना शिक्षा वाटेल. काही घरांना सामानाची लिफ्ट असते, ती माणसांसाठी नसते. लिफ्ट आहे असं लिहिलेलं असेल तर कोणती, हे घरमालकाला विचारून घ्या. शिवाय वेस्ट एंडहून स्ट्रँडला यायला अर्धा तास लागू शकतो आणि खाडीच्या बाजूला संध्याकाळी डास भरपूर.

पोचणं आणि गल्ल्यांचं गणित

डाउनटाउन ह्यूस्टनपासून हे अंतर सुमारे ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. इंटरस्टेट ४५ धरून दक्षिणेला सुटायचं. कॉजवेचा पूल खाडी ओलांडतो आणि बेटावर उतरताच तोच महामार्ग ब्रॉडवे नावाचा शहरी रस्ता होतो. विमानाने येणाऱ्यांना हॉबी विमानतळ जवळचा, मोठा इंटरकाँटिनेंटल शहराच्या पार उत्तरेला पडतो. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच. वाटेत क्लिअर लेकला नासाचं स्पेस सेंटर लागतं. पण ते आणि गॅल्व्हेस्टन एकाच दिवसात कोंबू नका, दोन्हींवर अन्याय होतो.

बेट सुमारे २७ मैल लांब आणि जेमतेम तीन मैल रुंद. शहराची आखणी एकदा समजली की फोनकडे बघावं लागत नाही. आकड्यांच्या स्ट्रीट बंदरापासून समुद्राकडे जातात आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे आकडा वाढतो. अक्षरांच्या अ‍ॅव्हेन्यू बेटाच्या लांबीला समांतर धावतात. बंदराशी ‘ए’, म्हणजे हार्बरसाइड. ‘बी’ म्हणजेच स्ट्रँड, ‘ई’ म्हणजे पोस्टऑफिस स्ट्रीट, ‘जे’ म्हणजे ब्रॉडवे. समुद्राकडे गेलात की ‘एम ½’, ‘पी ½’ असे अर्धे रस्तेही भेटतात. पत्ता टाइप करताना तो अर्धा गाळला तर भलत्याच गल्लीत पोचाल. थेट किनाऱ्यावर जायचं असेल तर ब्रॉडवेवर शेवटपर्यंत न जाता ६१व्या स्ट्रीटला उजवीकडे वळा.

सीवॉलवर गाडी लावायला दिवसा पैसे पडतात आणि ते फोनवरून भरता येतात. हार्बरसाइडवर सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान क्रूझ जहाजांची उतरती-चढती गर्दी असते. त्या वेळेत पेठेत शिरायचं असेल तर ब्रॉडवेवरून आडव्या गल्लीने या.

पहिला दिवस: दुपार स्ट्रँडवर

शुक्रवारी दुपारी पोचलात तर सामान टाकून थेट स्ट्रँड गाठा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टेक्सासचा कापूस याच बंदरातून जगात जायचा. स्ट्रँडवरच्या बँका, दलाल आणि विमा कंपन्यांमुळे या रस्त्याला नैर्ऋत्येची वॉल स्ट्रीट म्हणत. तेव्हाच्या ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या इमारती आजही रांगेने उभ्या आहेत. तळमजल्यावर आता टी-शर्ट आणि शंखशिंपल्यांची दुकानं आहेत, त्यांत अडकू नका. रस्त्याच्या समोरच्या बाजूला उभं राहून नजर पहिल्या मजल्याच्या वर ठेवा. कमानी, खिडक्यांच्या चौकटी, विटांची नक्षी सगळं तिथे आहे. यातल्या बऱ्याच इमारतींमागे निकोलस क्लेटन या वास्तुविशारदाचा हात आहे. त्या पडायला आल्या होत्या. गॅल्व्हेस्टन हिस्टॉरिकल फाउंडेशन ही संस्था आणि याच गावात १९१९ साली जन्मलेले तेल-व्यावसायिक जॉर्ज मिचेल व त्यांच्या पत्नी सिंथिया यांच्यामुळे त्या वाचल्या.

काही भिंतींवर २००८च्या आइक वादळात पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवणाऱ्या खुणा आहेत. मुलांना त्याखाली उभं करा. सीवॉल इतकी भक्कम असून पेठ बुडाली कशी, हा प्रश्न ती आपोआप विचारतील. उत्तर असं, की भिंत फक्त आखाताच्या बाजूला आहे. पाणी मागून, खाडीच्या बाजूने आलं.

मग २२व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर या. इथे थोडं थांबावं, घाई करू नये. १९ जून १८६५ रोजी उत्तरेच्या सैन्याचे जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी गॅल्व्हेस्टनमध्ये तिसरा सर्वसाधारण आदेश काढला: टेक्सासमधले सर्व गुलाम स्वतंत्र आहेत. लिंकनची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ची, म्हणजे मधली अडीच वर्षं इथली सुमारे अडीच लाख माणसं कायद्याने मुक्त होऊनही गुलामीत राबत होती. आदेश ज्या ऑस्टरमन इमारतीतून निघाला असं मानतात ती आता नाही, तिच्या जागेची खूण सांगणारी पाटी आहे. शेजारच्या भिंतीवर २०२१ साली ह्यूस्टनचे चित्रकार रेजिनाल्ड अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅब्सोल्यूट इक्वॉलिटी’ हे प्रचंड भित्तिचित्र काढलं. हे शब्द त्या आदेशातलेच. त्याच वर्षी १९ जूनचा हा दिवस, म्हणजे जुनटीन्थ, ही अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी झाली.

आदेशाचा पुढचा भागही मुलांना सांगा. मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं, असा सल्लाही त्यात होता. स्वातंत्र्य कागदावर पूर्ण होतं, व्यवहारात अर्धवट.

मराठी माणसाने या कोपऱ्यावर उभं राहण्याला आणखी एक कारण आहे. या आदेशानंतर आठच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामगिरी नाहीशी करण्यासाठी त्याग केला. आपल्या शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत लिहिली. पुण्यात बसून जोतीरावांनी ज्या मुक्तीकडे पाहिलं, तिचा टेक्सासमधला शेवटचा टप्पा या रस्त्यावर घडला. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांना या दोन गोष्टी शाळेत कुणी एकत्र सांगणार नाही, ते आपल्याकडे आहे.

याच धाग्याचा पुढचा भाग ब्रॉडवेवर. १८५९ सालच्या अ‍ॅश्टन व्हिला या जुन्या वाड्याच्या आवारात जुनटीन्थवरचं प्रदर्शन आहे आणि २०व्या स्ट्रीटवरचं रीडी चॅपल हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक चर्च तिथून जवळच.

संध्याकाळ बंदरावर काढा. ‘एलिसा’ हे तीन डोलकाठ्यांचं लोखंडी गलबत १८७७ साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला बांधलं गेलं. ते ग्रीसमध्ये भंगारात निघणार होतं. फाउंडेशनने ते विकत घेऊन इथे आणलं आणि अजूनही ते शिडांवर समुद्रात नेतात. डेकवर चढता येतं. शेजारी जुन्या तेलविहिरीच्या फलाटावर केलेलं ओशन स्टार संग्रहालय आहे. घरात कुणी तेल-वायू क्षेत्रात काम करत असेल, आणि ह्यूस्टनमध्ये असतंच, तर आपलं माणूस नक्की काय करतं हे मुलांना इथे कळतं.

दुसरा दिवस: सकाळ पाण्याची

लवकर उठा. किनारा आग्नेयेकडे तोंड करून असल्यामुळे, विशेषतः थंडीच्या दिवसांत, सूर्य पाण्यातूनच वर येतो.

आता गढूळपणाबद्दल. मिसिसिपी आणि अचाफलाया या मोठ्या नद्यांनी आखातात आणलेला गाळ किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे सरकत येतो. तळही उथळ आणि मऊ असल्याने लाटांनी तो ढवळत राहतो. कोकणातल्या खाडीच्या मुखाशी जसा रंग असतो तसाच हा आहे. रंग म्हणजे घाण नव्हे. पाण्याची शुद्धता तपासून राज्य सरकार किनाऱ्यानिहाय इशारे देतं, ते ‘टेक्सास बीच वॉच’वर बघता येतात. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस ते पाहूनच उतरा. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत सरगॅसम हे तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर ढिगाने येतं. वास येतो, पण सहसा अपाय होत नाही.

कुटुंबासाठी स्टुअर्ट बीच सर्वांत सोयीचा: जीवरक्षक, न्हाणीघरं, खुर्च्या-छत्र्या. गाडीमागे शुल्क पडतं. शांतता हवी असेल तर पश्चिमेला गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्क. त्याला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे, खाडीच्या गवताळ पाणथळीत बगळे आणि गुलाबी स्पूनबिल दिसतात. शनिवार-रविवारी तिथला दिवसाचा परवाना आधीच ऑनलाइन घ्या.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी कडक आहे आणि तुम्हीही असावं. सीवॉलच्या पायथ्यापासून समुद्रात गेलेले दगडी बांध, ज्यांना ग्रॉइन म्हणतात, त्यांच्या जवळ अजिबात पोहू नका. बांधाला लागून पाण्याची ओढ तळ खरवडते, खड्डे होतात आणि गुडघाभर पाण्यातला माणूस दोन पावलांवर गळ्याएवढ्या पाण्यात जातो. बांधांच्या मधोमध, जीवरक्षकाच्या मचाणासमोर उतरा. बेटाच्या पश्चिम टोकाचा सॅन लुईस पास दिसायला शांत आणि सुंदर असला तरी तिथल्या प्रवाहाने अनेक जीव घेतले आहेत. तिथे पाण्यात जाऊच नका. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघा किंवा तरंगत राहून हात हलवा.

झेंडे बघायची सवय लावा: हिरवा म्हणजे समुद्र शांत, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरेंचा त्रास. पाण्यात चालताना पाय उचलू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत लपलेला स्टिंगरे बाजूला सरकतो. तो चावलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात आणि जीवरक्षकाला बोलावतात. पायाला ताजी जखम असेल किंवा यकृताचा आजार, मधुमेह असेल तर उन्हाळ्यात पाण्यात उतरू नये. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जिवाणू असतो आणि त्याचा संसर्ग क्वचित पण गंभीर असतो. कच्चे ऑयस्टर न खाण्याचं कारणही हेच.

वाळूत चालून आल्यावर तळव्याला काळे डांबरासारखे डाग लागलेले दिसतील. आखाताच्या तळातून नैसर्गिकरीत्या झिरपणारं तेलही त्याला कारणीभूत असतं. साबणाने घासत बसू नका, खोबरेल तेलाने ते पाचच मिनिटांत निघतात. एक छोटी बाटली गाडीतच ठेवा.

दुसरा दिवस: दुपार, उचललेलं शहर

माझ्या लेखी सगळ्या सहलीचा गाभा हाच आहे.

८ सप्टेंबर १९०० रोजी चक्रीवादळ या बेटावर आलं. तेव्हा वस्ती सुमारे ३८ हजार आणि शहरातली सर्वांत उंच जागा नऊ फुटांहूनही कमी. समुद्र पंधरा फुटांहून जास्त चढला. साडेतीन हजारांवर घरं नष्ट झाली आणि शहरात किमान सहा हजार माणसं गेली. काही अंदाज आठ हजारांचे, बेटाबाहेरचे धरून बारा हजारांपर्यंतचेही. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वाधिक प्राणहानीची नैसर्गिक आपत्ती. सीवॉलवर ६९व्या स्ट्रीटशी एक पाटी आहे, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. तिथे सेंट मेरी अनाथालय होतं. तिथल्या दहा ख्रिस्ती जोगिणींनी मुलांना कपडे वाळवायच्या दोरीने स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं होतं. त्या दहाही गेल्या आणि नव्वद मुलं गेली. तीन मोठे मुलगे झाडाला धरून वाचले.

यानंतर गाव सोडून जाणं सोपं होतं. गावाने दोन कामं हाती घेतली. हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ली या तीन अभियंत्यांच्या आराखड्यानुसार १९०२ ते १९०४मध्ये १७ फूट उंच काँक्रीटची भिंत बांधली. तिचा दर्शनी भाग आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणजे लाट आदळून वर फेकली जाते. जिन्याने वाळूवर उतरून मागे वळून पाहिलं की तो बाक स्पष्ट दिसतो. ही भिंत पुढे वाढत जाऊन आता दहा मैलांहून लांब आहे.

दुसरं काम याहून धाडसी होतं. भिंतीमागचं शहरच उंच करायचं. १९०३ पासून सात-आठ वर्षं गावातून कालवा काढून गाळउपसणी जहाजं आत आणली गेली. समुद्रतळाची वाळू पाण्यात मिसळून नळ्यांनी घरांखाली सोडायची, पाणी निचरून जायचं, वाळू राहायची. त्याआधी घर उचलायचं: स्क्रूजॅक लावून, मजुरांनी एका तालात फिरवत, इंच-इंच. दोन हजारांवर इमारती अशा वर गेल्या. सेंट पॅट्रिक चर्च सुमारे तीन हजार टनांचं, तेही पाच फूट उचललं. घर उचलायचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता. एवढी वर्षं लोक लाकडी फळ्यांच्या उंच पायवाटांवरून दुकानात आणि शाळेत जात. भिंतीशी भर सर्वांत जास्त आणि खाडीकडे उतरत गेलेली.

हे सगळं आजही रस्त्यावर दिसतं, फक्त बघायला शिकावं लागतं. अ‍ॅश्टन व्हिलाचं लोखंडी कुंपण बघा. ते बुटकं वाटतं कारण त्याचा खालचा भाग जमिनीत गेला आहे. घराचं तळघरही भरलं गेलं. ब्रॉडवेवर ४०व्या स्ट्रीटनंतरच्या जुन्या दफनभूमीत भर टाकताना थरांवर थर चढले. खाली आधीच्या कबरी आहेत आणि वर नंतरच्या. वसंतात ती पिवळ्या रानफुलांनी भरते. आणि शहरात जिथेतिथे कण्हेर फुललेली दिसेल. १८४१ साली जमैकाहून आलेली ही रोपं खाऱ्या वाऱ्याला आणि भर टाकलेल्या वाळूला पुरून उरली आणि गावाची ओळख झाली. कण्हेर विषारी हे आपल्याला माहीत असतं, इथे वाढलेल्या मुलांना नसतं, त्यांना सांगून ठेवा.

आतून बघण्याच्या घरांपैकी एकच निवडायचं असेल तर बिशप्स पॅलेस. वकील आणि राजकारणी वॉल्टर ग्रेशम यांच्यासाठी क्लेटनने बांधलेला हा दगडी वाडा १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरा झाला. वादळात तो हलला नाही, आणि बेघर झालेल्यांना ग्रेशम कुटुंबाने आत घेतलं. लाकडी जिना आणि प्रत्येक खोलीतल्या वेगळ्या शेकोट्या सावकाश बघा. वेळ उरला तर १८९५चा मूडी मॅन्शन. जुन्या घरांत जिने आहेत, ज्यांना चढायचं नाही त्यांनी तळमजला पाहून बाहेर बसावं.

मग ईस्ट एंडच्या गल्ल्यांतून, १०व्या ते १९व्या स्ट्रीटच्या दरम्यान, निवांत गाडी फिरवा किंवा गोल्फ कार्ट भाड्याने घ्या. आइकच्या खाऱ्या पाण्याने हजारो ओकची झाडं मेली. लोकांनी त्या खोडांतून कोरीव शिल्पं करून घेतली. पेलिकन, कुत्रे, देवदूत, मासे, सगळे घरांच्या अंगणात उभे आहेत. ही खासगी घरं आहेत, फोटो पदपथावरूनच काढा.

खाणं

मासे खाणाऱ्यांची इथे चैन आहे. कोळंबी, रेड स्नॅपर, फ्लाउंडर आणि निळ्या खेकड्यांचा हा किनारा. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं असेल तर हॉटेलात जाण्याआधी पियर १९च्या मासळी बाजारात जा. कोळंबीच्या नौका तिथेच लागतात. भावाच्या पाटीवर ‘१६/२०’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका पौंडात १६ ते २० नग. कालवणाला मधली ‘२६/३०’ चालते, तळायला मोठी घ्या. डोक्यासकट घेतलीत तर रश्शाला चव येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत आखातातली मासेमारी साधारणपणे बंद असते, त्यामुळे जुलैअखेरची कोळंबी सर्वांत ताजी. तिरफळं, कोकम आणि घरचा मसाला ह्यूस्टनहून बरोबर न्या, आणि छोटा कुकरही. भाड्याच्या घरात तो कधीच नसतो. फोडणीआधी पंखा चालू करून खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो.

शाकाहारी मंडळींनी तयारीनेच जावं. बेटावर बहुतेक ठिकाणी मासेच असतात. मेक्सिकन हॉटेलात सोय होते, पण राजम्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचं पाणी नाही ना, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. नुसतं ‘व्हेजिटेरियन आहे का’ विचारलं तर ‘हो’ म्हणतात. निघताना ह्यूस्टनमधल्या भारतीय दुकानांच्या हिलक्रॉफ्टवरून ठेपले, पोळ्या, दही घेतलंत तर दोन दिवस निभावतात. दूध-भाजीची मोठी दुकानं सीवॉलवर ६०व्या स्ट्रीटच्या आसपास आहेत.

गोडाला स्ट्रँडवरच्या ला किंग्जमध्ये जा. तिथे जुन्या यंत्रावर सॉल्टवॉटर टॅफी ही चिवट मिठाई ओढताना मुलांना बघू द्या.

तिसरा दिवस: फेरी, आणि परत

बेटाच्या पूर्व टोकाहून बोलिव्हर द्वीपकल्पाला जाणारी सरकारी फेरी चोवीस तास चालते आणि पूर्णपणे फुकट आहे. प्रवास सुमारे १८ मिनिटांचा. शनिवार-रविवारी दुपारी गाड्यांची रांग तासाच्या वर जाते, म्हणून सकाळी नवाच्या आत जा, किंवा गाडी अलीकडे लावून पायी चढा. वरच्या डेकवर उभे राहा. डॉल्फिन बऱ्याचदा दिसतात, फेरीच्या पुढच्या टोकासमोर पाण्यात बघत राहा. पेलिकन बेटाजवळ अर्धवट बुडालेलं राखाडी जहाज दिसेल, ते ‘सेल्मा’, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या योजनेतलं काँक्रीटचं तेलवाहू जहाज. सीगलना पाव घालायचा असेल तर जहाजाच्या मागच्या टोकालाच, तसा नियम आहे.

पलीकडे उतरलात तर १८७२चा काळा लोखंडी दीपस्तंभ रस्त्यावरून दिसतो. १९००च्या रात्री सव्वाशे माणसं त्याच्या गोल जिन्यावर बसून वाचली. तो खासगी मालकीचा आहे, आत जाता येत नाही. पुढे बोलिव्हर फ्लॅट्सला किनारी पक्ष्यांचे थवे असतात, दुर्बीण न्या.

पाऊस लागला किंवा ऊन फारच झालं तर फेरीऐवजी मूडी गार्डन्स. काचेच्या पिरॅमिडमधलं पर्जन्यवन आणि शेजारचं मत्स्यालय लहान मुलांना अर्धा दिवस पुरतं. २५व्या स्ट्रीटवरच्या जुन्या स्थानकातलं रेल्वे संग्रहालय आजोबा-नातवंडांच्या जोडीसाठी उत्तम: प्रतीक्षालयात १९३०च्या दशकातल्या प्रवाशांचे पांढरे पुतळे बसवले आहेत. प्लेझर पियरवरचे पाळणे मी तरी रात्रीसाठी ठेवीन, दिवसा तिथे सावली नाही.

रविवारी परतताना दुपारी चार ते आठ कॉजवेवर गाड्या खोळंबतात. एकतर जेवण लवकर उरकून एकपर्यंत बेट सोडा, नाहीतर सीवॉलवर संध्याकाळ काढून आठनंतर निघा. निघण्याआधी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्या, किनाऱ्यालगत दोन रात्री उभ्या राहिलेल्या गाडीवर मीठ बसलेलं असतं.